उघड्या हाताने घेतलेलं माप

यज्ञेश्वर पानसे धातूच्या कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी थांबतात. कुलपाची किल्ली असो, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या बाबुरावांनी कौतुकाने दाखवायला आणलेलं नवं घड्याळ असो. पानसे आधी खिशातून पिवळं फडकं काढतात, त्यात ती वस्तू धरतात आणि मगच डोळ्यांसमोर आणतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, गेज रूममध्ये, चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढी खोड राहायचीच. गेज रूम म्हणजे मापांची मापं काढायची खोली. बाहेर माल तपासायला जी पोलादी मापं वापरत, ती मापं तरी बरोबर आहेत का, हे या खोलीत ठरायचं. खोली बारा महिने वीस अंशांवर. बाहेरून आलेलं गेज लगेच तपासायचं नाही, रात्रभर तिथे पडू द्यायचं, खोलीइतकं गार होऊ द्यायचं. आणि उघड्या हाताने तर धरायचंच नाही, कारण हाताच्या उबेने पोलाद फुगतं. किती फुगतं? केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाइतकं. पानसे त्या दहाव्या हिश्शासाठी चौतीस वर्षं लोकांशी भांडले आणि बहुतेक भांडणं जिंकले.

असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की घरच्यांचं काय होतं, याचा विचार कुठल्याच खात्यात होत नाही. धायरीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दही किती तासांनी लागलं हे कॅलेंडरवर लिहिलेलं असतं. लिफ्टला पहिल्या मजल्यावर यायला सकाळी किती सेकंद लागतात आणि संध्याकाळी किती, हे पानसे सांगू शकतात, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतात. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई शाळेत गणित शिकवत असत. त्या एकदाच म्हणाल्या होत्या, "अहो, मोजायला काही उरलं नाही तर माझे श्वास मोजा, पण हळू आवाजात."

पण एक मोजमाप थट्टेचं नव्हतं. त्यांची मुलगी स्वराली एकोणतीस वर्षांची. जन्मली तेव्हाच तिच्या मांडीचं हाड मोडलेलं होतं. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, ते पानशांनी तीनदा लिहून घेतलं. जनुकातल्या एका चुकीमुळे हाडं ठिसूळ होतात, हजारो मुलांत एखाद्याला होतं, बरं होत नाही, सांभाळावं लागतं. त्याच दिवशी त्यांनी काळ्या पुठ्ठ्याची एक वही घेतली आणि चार रकाने आखले: तारीख, हाड, कारण, किती दिवस. वहीत आजवर एकतीस नोंदी होत्या. कारणांच्या रकान्यात 'मामाने कडेवर घेतलं', 'उशी उचलली', 'मांजर आडवं आलं' असं काय काय होतं. एकतिसावी नोंद: डावी बरगडी, शिंक, चोवीस दिवस.

स्वरालीच्या दोन्ही पायांत सळया आहेत. घरात ती वॉकर धरून चार पावलं टाकते, बाकी चाकाची खुर्ची. उंची दहा वर्षांच्या मुलीएवढी, आवाज मात्र असा की तिने फोनवर "हॅलो" म्हटलं की बँकवाले मॅनेजर म्हणूनच बोलतात. खराडीतल्या एका कंपनीसाठी ती घरी बसून सॉफ्टवेअर तपासायची. म्हणजे बापाने मापांच्या चुका काढल्या, लेक प्रोग्रॅमच्या चुका काढते. मंदाकिनीबाई म्हणत, या घरात चूक न काढणारी मी एकटी आणि चूक होणारीही मी एकटीच.

त्या भाद्रपदात कंपनीने दोन गोष्टी एकदम कळवल्या. स्वरालीला अकरा जणांच्या टीमचं प्रमुख करायचं ठरलं होतं. आणि प्रमुखाने आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यायला हवं. उत्तर सोमवारपर्यंत. धायरी ते खराडी म्हणजे शहराच्या एका टोकापासून दुसरं टोक. पानसे स्वतः रिक्षाने तो रस्ता जाऊन आले. परत आले तेव्हा त्यांच्या खिशातल्या कागदावर एकशे सव्वीस खड्डे आणि एक्केचाळीस गतिरोधक होते. त्यांनी लगेच एक विनंतीपत्र तयार केलं: प्रकृतीच्या कारणास्तव घरूनच काम करू द्यावं, प्रमुखपद दुसऱ्या कोणास द्यावं, सोबत वहीच्या झेरॉक्स जोडत आहे. खाली स्वरालीच्या सहीसाठी जागा सोडली आणि पत्र टीव्हीशेजारी पेपरवेटखाली ठेवलं.

स्वरालीने ते वाचलं. "हं," एवढंच म्हणाली. सही केली नाही, फाडलंही नाही. बाबांचं मन मोडून घराबाहेर पडायचं, हे तिला जमत नव्हतं. शिवाय इमारतीच्या दारात तीन पायऱ्या होत्या, आणि खुर्ची त्या पायऱ्या उतरायची ती बाबांच्याच हातांनी. एकतीस फ्रॅक्चरांतून बाहेर आलेली मुलगी एका पेपरवेटपुढे अडली होती.

अशातच गुरुवारी अफशीन आली. एका हॉस्पिटलच्या अभ्यासगटात ती काम करत होती. ठिसूळ हाडांच्या तपासणीला स्वराली वर्षातून एकदा तिथे जायची, तिथेच तिने अभ्यासात भाग घ्यायला होकार दिला होता. अफशीन सत्तावीस-अठ्ठावीसची, खांद्याला भलीमोठी पिशवी, तीत फॉर्मांचे गठ्ठे.

"काका, दुर्मिळ जनुकीय आजार असलेल्या माणसांचं आयुष्य कसं चाललंय, हे आम्हाला मोजायचंय," ती म्हणाली. "रक्तात काय बदललं, हाडात काय बदललं, हे यंत्र सांगतं. पण औषधाने माणूस जास्त सुखात आहे का, हे कोण सांगणार? म्हणून ही प्रश्नावली."

पानसे खुर्चीत पुढे सरकले. "मोजायचं? प्रश्नांनी? आणि किती बारीक फरक कळतो याला?"

"म्हणजे?"

"प्रत्येक मापाची एक मर्यादा असते. फूटपट्टीला मिलिमीटर कळतो, त्याखालचं कळत नाही. तुमच्या या फॉर्मला सुखातला केवढा फरक कळतो?"

अफशीनने पिशवीतून वही काढली. "हे मला आमच्या सरांनीही कधी विचारलं नाही," ती म्हणाली आणि तिने खरोखरच ते वहीत टिपून घेतलं. पानशांना ती पोर एकदम आवडली.

पद्धत अशी होती: पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला पाच उत्तरं, 'कधीच नाही'पासून 'जवळजवळ नेहमी'पर्यंत. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण, एकूण शंभर. जास्त गुण म्हणजे आयुष्य जास्त चांगलं. एक फॉर्म स्वतः माणसाने भरायचा. तसाच दुसरा जवळच्या नातेवाइकाने भरायचा, पण त्या माणसाबद्दल. लहान मुलांच्या आणि बोलू न शकणाऱ्यांच्या बाबतीत नातेवाइकाच्याच उत्तरांवर विसंबावं लागतं, म्हणून दोन्ही उत्तरं कितपत जुळतात ते त्यांना पाहायचं होतं. दोघांनी वेगळ्या खोल्यांत बसून भरायचं.

पानशांना हे एकदम पटलं. गेज रूममध्ये महत्त्वाचं माप दोन तपासनीस घेत, एकमेकांचे आकडे न बघता. ते जेवणाच्या टेबलाशी बसले, प्रत्येक प्रश्न दोनदा वाचला आणि स्वरालीबद्दल अगदी प्रामाणिकपणे उत्तरं लिहिली. सवयीप्रमाणे पेन्सिलने एक प्रतही काढून ठेवली.

दुपारी जेवताना स्वराली म्हणाली, "माझे एक्याऐंशी झाले. तुम्ही मला किती दिलेत?"

पानशांचा घास हातातच राहिला. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन्सिलची प्रत होती, आणि तिच्यावर बेरीज होती अडतीस.

"तू नीट वाचलेस का प्रश्न?"

"मी वाचण्याचाच पगार घेते, बाबा."

त्रेचाळीसचा फरक! एकच नग, दोन तपासनीस, आणि त्रेचाळीसचा फरक. गेज रूममध्ये असं झालं असतं तर एकाला घरी पाठवलं असतं, नाहीतर माप भंगारात काढलं असतं. पानशांना राग आला नाही. त्यांना वाटलं ते कुतूहल, आणि त्यांचं कुतूहल रागापेक्षा वाईट. दोनच शक्यता होत्या. एक तर प्रश्नावली सदोष आहे; नाहीतर आईबापांना वाईट वाटू नये म्हणून स्वराली खोटं लिहिते आहे. तिसरी शक्यता त्यांच्या डोक्यात आली नाही. माप आणि माल तपासायची त्यांना सवय होती, तपासनीस तपासायची नव्हती.

शुक्रवारी सकाळी त्यांनी अफशीनला फोन करून रीतसर परवानगी मागितली, कोऱ्या फॉर्मच्या दहा झेरॉक्स काढल्या आणि मापाची परीक्षा सुरू केली. पहिला फॉर्म स्वतःचा. पाच मिनिटांत भरून झाला. झोप लागत नाही? कधीच नाही. भीती वाटते? कधीच नाही. दुसऱ्यावर अवलंबून असल्यासारखं वाटतं? छे. बेरीज अठ्ठ्याऐंशी. धडधाकट माणसाला अठ्ठ्याऐंशी, म्हणजे माप ठीक दिसतंय, असं म्हणून ते खाली बाबुरावांकडे गेले.

बाबुराव सोसायटीचे अध्यक्ष. रक्तदाब नाही, साखर नाही, सगळे दात स्वतःचे. त्यांनी फॉर्म भरायला पाऊण तास घेतला. प्रत्येक प्रश्नाला ते पाण्याचा दाब, वरच्यांचं कपडे झटकणं आणि पार्किंगमधली परकी गाडी यांची उदाहरणं देत होते. बेरीज शेहेचाळीस. पानसे चक्रावले. मग त्यांनी बाबुरावांच्या पत्नी मथुराबाईंना नवऱ्याबद्दलचा फॉर्म भरायला दिला. त्यांनी भाजी निवडता निवडता तोंडी उत्तरं दिली. बेरीज ब्याण्णव.

"ब्याण्णव?" बाबुराव ओरडले.

"मग? काय कमी आहे तुम्हाला?" मथुराबाई म्हणाल्या. "आयता चहा, आयतं जेवण, आणि तक्रार करायला बाराही महिने पाणी. मला द्या असं आयुष्य, मी शंभर लिहीन."

पानसे जिना चढताना थांबले. इथेही शेहेचाळीसचा फरक, फक्त उलट्या दिशेने. आणि बाबुराव काही बायकोला बरं वाटावं म्हणून कमी गुण घेणारे गृहस्थ नव्हते. म्हणजे शेजारी बसून, रोज बघून, एका ताटात जेवूनही माणसाचं माप असं चुकू शकतं? हे काहीतरी नवीन होतं. ते वर आले ते थेट स्वयंपाकघरात. "मंदा, तू एक फॉर्म भरतेस का?"

"माझं माप मला माहीत आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "तुमचं बघू." त्यांनी नवऱ्याचा अठ्ठ्याऐंशीवाला कागद घेतला, चष्मा लावला, आणि पोरांच्या वह्या तपासाव्यात तशी पेन्सिल चालवायला लागल्या. "झोपेची तक्रार कधीच नाही? मग पहाटे तिच्या दाराशी उभं राहून श्वास ऐकत असतं ते कोण, चोर? मित्रांना भेटणं बरेचदा? खडकीच्या तुमच्या मंडळींनी चार दिवाळ्या बोलावलं, एकदा तरी गेलात? हा फॉर्म तुम्ही भरलाय की बाबुरावांनी?"

पानशांनी कागद परत घेतला आणि घडी करून खणात टाकला. "मुद्दा माझा नाहीये," ते म्हणाले.

शनिवारी दुपारी ते स्वरालीच्या खोलीत गेले, हातात पेन्सिलची प्रत घेऊन. "आपण एकेक प्रश्न जुळवून बघू," ते म्हणाले. स्वरालीला हेच हवं होतं की काय कोण जाणे, तिने लॅपटॉप मिटला.

बरेच प्रश्न जुळले. दुखण्याच्या प्रश्नात दोघांचं उत्तर एक होतं. जिने, गर्दी, लोकांचं टक लावून बघणं यांत उन्नीस-बीस. मग अकरावा प्रश्न आला: गेल्या चार आठवड्यांत आपल्याला काही होईल अशी भीती किती वेळा वाटली? स्वरालीने 'क्वचित' लिहिलं होतं. पानशांनी तिच्यासाठी लिहिलं होतं 'जवळजवळ नेहमी'. सतरावा प्रश्न: उद्याच्या दिवसाची उत्सुकता वाटते का? तिचं 'जवळजवळ नेहमी', त्यांचं 'क्वचित'.

"हे कसं शक्य आहे?" पानसे म्हणाले. "खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस."

"बाबा, मागच्या मंगळवारी मला एक चूक सापडली. पैसे भरायच्या पानावर. सहा जणांच्या हाताखालून ते पान गेलं होतं, कुणाला दिसली नाही. फक्त महिन्याच्या एकतीस तारखेला आणि फक्त दुसऱ्यांदा बटण दाबलं तरच यायची. मी तीन दिवस तिच्या मागावर होते. सापडली तेव्हा मी या खोलीत एकटी मोठ्याने हसले. तुम्ही धावत आलात, आठवतंय? पडले की काय म्हणून."

पानशांना आठवलं. त्यांना आणखीही काही आठवलं: एकोणीसशे ब्याण्णव साली सगळ्या वर्कशॉपने बरोबर ठरवलेलं एक गेज त्यांनी चुकीचं आहे म्हणून सिद्ध केलं होतं, आणि त्या संध्याकाळी खडकी स्टेशनपर्यंत ते शीळ घालत चालत गेले होते. तो आनंद कसा असतो हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तो आपल्या मुलीला खुर्चीत बसल्या बसल्या होत असेल, हे मात्र त्यांच्या फॉर्ममध्ये कुठे नव्हतं.

"ती वही आणा बरं," स्वराली म्हणाली. त्यांनी आणली. "शेवटची नोंद कधीची?"

पानशांनी पान उलटलं आणि तारीख बघून ते स्वतःच थबकले. साडेचार वर्षांपूर्वीची होती.

"मधली साडेचार वर्षं कुठे लिहिलीत?"

"ती कशाला लिहायची? आमच्याकडे वहीत नाकारलेलाच माल चढवायचे. चांगला निघाला तो पुढे गेला, त्याची काय नोंद..." पानसे बोलता बोलता थांबले. मुलगी दहा हजारांवर दिवस जगली होती, आणि त्यांच्या वहीत त्यातले एकतीस होते. तीच वही ते सोमवारी तिच्या साहेबांना धाडणार होते, हीच माझी मुलगी म्हणून.

स्वरालीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "लहानपणी तुम्ही मला गेज दाखवायला घेऊन गेला होतात, कारखान्याचा खुला दिवस होता तेव्हा. मी ते चकचकीत ठोकळे उचलायला गेले तर तुम्ही ओरडलात. उघड्या हाताने धरायचं नाही, तुझ्या हाताची ऊब मापात उतरेल, मग तू ठोकळा मोजत नाहीस, स्वतःचा हात मोजतेस, असं म्हणालात. मी सात वर्षांची होते, पण लक्षात राहिलं." तिने पेन्सिलच्या प्रतीवर अकराव्या प्रश्नावर बोट टेकवलं. "ही भीती माझी नाहीये, बाबा."

 पानशांना खूप वाईट वाटलं आणि थोडी लाजही वाटली, कारण चूक अगदी नवशिक्याची होती.

रविवारी सकाळी मंदाकिनीबाई पूजेची फुलं काढायला खाली उतरल्या, तर नवरा इमारतीच्या दारात ओणवा. पोलादी टेपने तो तीन पायऱ्यांची उंची घेत होता. अठरा इंच. हातातला कागद उलटा करून त्याने त्यावर उताराची आकृती काढली होती. एक इंच चढायला बारा इंच लांबी, म्हणजे अठरा फूट. मंदाकिनीबाईंनी कागद निरखून बघितला. दुसऱ्या बाजूला ते विनंतीपत्र होतं.

"अठरा फूट काढले तर बाबुरावांची स्कूटर मध्ये येते," पानसे न बघता म्हणाले.

"मग स्कूटर हलवायला सांगा. त्यांच्या गुणांत तेवढीच एक तक्रार वाढेल."

सोमवारी स्वरालीने होकार कळवला. उताराला बाबुरावांनी आधी घटनेतलं कलम मोडल्यासारखी हरकत घेतली, सूचनाफलकावर दोन कागदही लागले, पण मथुराबाईंनी घरात काय सांगितलं कुणास ठाऊक, बुधवारी स्कूटर आपोआप भिंतीकडे सरकली. खडबडीत लोखंडी पत्र्याचा उतार दहा दिवसांत उभा राहिला. पानशांनी वेल्डरला तो दोनदा काढून पुन्हा बसवायला लावला. पहिल्या दिवशी खाली ऑफिसची गाडी आली तेव्हा ते उताराच्या वरच्या टोकाला हात मागे बांधून उभे होते. स्वराली स्वतः चाकं धरत उतरली. गाडी गेल्यावर मंदाकिनीबाईंनी पाहिलं तर मागे बांधलेल्या हातांची बोटं पांढरी पडली होती.

आता गोष्ट इथे संपवली असती तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण दुसऱ्या महिन्यात, ऑफिसच्या लिफ्टच्या फटीत खुर्चीचं पुढचं चाक अडकलं आणि स्वरालीचा डावा हात मोडला. फोन तिनेच केला. "बाबा, बत्तिसावी," ती म्हणाली. "घाबरू नका, गाडी सावकाश आणा." त्या दिवसांत पानसे फार कमी बोलले. एकदाच, दूध तापवताना, ते बायकोला म्हणाले, "मी म्हणत होतो." मंदाकिनीबाई म्हणाल्या, "हो. आणि ती घरात शिंकली होती तेव्हा काय म्हणत होतात?" पानशांनी वही काढली, कारणाच्या रकान्याशी बराच वेळ पेन थांबलं. 'नोकरी' लिहायचा मोह झाला होता. त्यांनी 'लिफ्टची फट' लिहिलं. पाच आठवड्यांनी प्लास्टर निघालं आणि स्वराली पुन्हा जायला लागली.

डिसेंबरात अफशीन दुसऱ्या फेरीचे फॉर्म घेऊन आली. तीन महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे, ही त्यांची पद्धत. स्वरालीचं भरून झालं. ती हॉलमध्ये येऊन म्हणाली, "चौऱ्याहत्तर. सात उतरले. हात दुखत होता, झोप नव्हती, अंघोळीला आई लागत होती. खोटं कशाला लिहू?"

पानसे ताडकन उभे राहिले. "उतरले?" त्यांचा चेहरा उजळला. अफशीन बुचकळ्यात पडली. मुलीचे गुण उतरल्यावर खूश होणारा बाप तिने बघितला नव्हता. "अगं, माप हललं!" पानसे म्हणाले. "जे माप सदा एकच आकडा दाखवतं ते अडकलेलं असतं. जिथे हलायला हवं तिथे हे हललं. म्हणजे ते एक्याऐंशी खरे होते. खरे होते गं ते!" शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज फुटला, आणि तो लपवायला त्यांनी पिवळं फडकं काढून चष्मा पुसला.

मग ते टेबलाशी बसून स्वरालीबद्दलचा आपला फॉर्म भरायला लागले. या वेळी वेळ लागला. प्रत्येक प्रश्नाला ते मान वर करून विचारत, "हे तिला विचारू का?" आणि अफशीन म्हणे, "नाही काका, तुम्हाला काय वाटतं तेच लिहायचं." बेरीज झाली एकोणसत्तर. पाचचा फरक. अफशीनने गठ्ठा आवरायला घेतला.

"थांब," पानसे म्हणाले. "एक कोरा दे."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

ते लिहायला लागले. पाच मिनिटं नाही, अर्धा तास. झोप. भीती. घराबाहेर पडणं. मित्र. उद्याच्या दिवसाची उत्सुकता.  मंदाकिनीबाईंनी चहा आणून ठेवला आणि त्यांच्या खांद्यावरून त्या वाचत राहिल्या. पेन्सिल मात्र त्यांनी उचलली नाही. शेवटी पानशांनी बेरीज केली, खालून वर पुन्हा केली, आणि कागद टेबलावर सरकवला. एकोणचाळीस.

स्वरालीने आकडा बघितला, मग बापाकडे. पहिल्या फेरीत त्यांनी तिला किती दिले होते, ते तिला पाठ होतं.

"अडतीस आणि एकोणचाळीस," पानसे म्हणाले. "एकाचा फरक. एवढा आमच्या खोलीत चालायचा. म्हणजे मी भाद्रपदात माप बरोबर घेतलं होतं. फक्त नाव दुसऱ्याचं घातलं."

अफशीन हळूच म्हणाली, "काका, याला आमच्या अभ्यासात रकाना नाहीये."

"आमच्याकडे आहे," स्वराली म्हणाली. तिने कपाटाकडे खुर्ची वळवली, काळी वही काढली आणि बत्तिसाव्या नोंदीखाली तेहेतीस आकडा घातला. तारीख लिहिली. हाडाच्या रकान्यात 'बाबा' लिहिलं. किती दिवस, तिथे लिहिलं 'एकोणतीस वर्षं', आणि मधल्या रिकाम्या चौकटीपाशी येऊन ती थांबली. 

"कारण काय लिहू?"

पानशांनी विचार केला. कारण कधीही अंदाजाने लिहायचं नाही, हा त्यांचाच नियम.

"उघड्या हाताने धरलं," ते म्हणाले, "असं लिही."